बिऱ्हाड हलवावे का? संकेतस्थळांच्या स्थलांतराचा छोटा इतिहास

१/
“माजो आवाज खंय ठेवलंस गो?” मालवणच्या आमच्या वाडीतल्या एका आजोबांनी मला विचारले. त्यांनी उमेदीची वर्षे गलबतावर काढली. मंगळुरी कौले भरून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत आणली. दोन उन्हाळ्यांत मी त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आणि आमच्या छोट्या संकेतस्थळावर ठेवल्या. “सर्व्हरवर ठेवलाय, आजोबा,” मी म्हटले. “आणि ता बंद पडला तर?” मला उत्तर देता आले नाही. आजचा धागा त्या उत्तराच्या शोधाचा आहे. 🧵

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेणारी मी आणि माझे तीन मित्र मिळून हे संकेतस्थळ चालवतो. जुन्या घरांच्या माळ्यांवर सापडलेल्या मोडी कागदांची छायाचित्रे, व्यापाऱ्यांच्या वह्या, तांडेल आणि खलाशी यांच्या मुलाखती, असा त्यातला ऐवज. सर्वाधिक वाचले जाणारे पान मात्र किल्ल्याचे: २५ नोव्हेंबर १६६४ ची पायाभरणी, मोरयाचा धोंडा, कुरटे बेट, आणि भर समुद्रात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव व साखरबाव.

३/
४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा सोहळा मालवणच्या किनाऱ्यावर झाला. देशभरातून लोक सिंधुदुर्गाचा इतिहास शोधू लागले आणि नेमके त्याच दुपारी आमचे संकेतस्थळ बंद पडले. ११ जुलै २०२५ रोजी सिंधुदुर्गासह मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आम्ही पुन्हा बंद. त्यानंतर काही दिवसांतच होस्टिंग कंपनीचे नूतनीकरणाचे बिल आले. पहिल्या तीन वर्षांची सवलत संपली होती आणि नवा आकडा जवळजवळ तिप्पट होता.

४/
मित्रांचे मत एकमुखी होते: कंपनी बदलू या. मला धास्ती वाटत होती. हलवताना काही हरवले तर? मुदत संपायला चाळीस दिवस उरले होते. अशा वेळी इतिहासाच्या विद्यार्थ्याला जे सुचते तेच मला सुचले: आपल्याआधी हा प्रश्न कोणाकोणापुढे आला आणि त्यांचे काय झाले, ते पाहावे. हाती लागले ते पुढे मांडते.

५/
सुरुवात एका सोप्या भेदापासून. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. मालवणातले एकही घर त्या दिवशी जागचे हलले नाही. तीच ओटी, तेच अंगण, तीच विहीर. पत्रावरचा पत्ता तेवढा बदलला: ‘जि. रत्नागिरी’ खोडून लोक ‘जि. सिंधुदुर्ग’ लिहू लागले. घर स्थिर आणि पत्ता बदललेला, असा तो प्रकार होता.

६/
होस्टिंग बदलणे म्हणजे याच्या बरोबर उलट. पत्ता तोच राहतो, घर हलते. पत्ता म्हणजे डोमेन, घर म्हणजे आपल्या फायली ज्या संगणकावर राहतात तो सर्व्हर. या दोहोंना जोडणारी डीएनएस ही व्यवस्था म्हणजे पोस्टमनची वही: अमुक नावाचे पत्र तमुक घरी टाकावे. पत्ता, घर आणि आपल्यापाशी असलेली ऐवजाची नक्कल, या तीन वेगळ्या वस्तू आहेत. पुढच्या सगळ्या कहाण्यांत जे बुडाले त्यांच्या बाबतीत या तिन्ही वस्तू एकाच हातात होत्या.

७/
जगातले पहिले संकेतस्थळ जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या मेजावरच्या संगणकावर राहत होते. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, अशी सूचना त्यावर लाल शाईने लिहून चिकटवलेली होती. म्हणजे आमच्या आजोबांची शंका वेबच्या जन्माइतकीच जुनी! त्या संकेतस्थळाचे १९९१ मधले मूळ रूपही टिकले नाही. २०१३ मध्ये सर्नने ते पुन्हा उभे केले, ते १९९२ च्या एका नकलेवरून.

८/
भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. स्वतःचा सर्व्हर चालवणे ही तेव्हा विद्यापीठांची आणि मोठ्या कंपन्यांची मिरास होती. साध्या माणसाला पान मांडायचे तर कोणाच्या तरी ओसरीवर जागा मागावी लागे. त्यांतली सर्वांत मोठी ओसरी म्हणजे जिओसिटीज.

९/
१९९४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या सेवेची कल्पना गमतीची होती. जागा फुकट. पण ती ‘वस्त्यां’मध्ये वाटलेली: चित्रपटवेड्यांनी ‘हॉलिवूड’मध्ये राहावे, विद्याव्यासंगी मंडळींनी ‘अथेन्स’मध्ये. प्रत्येकाला घरक्रमांक मिळे. जानेवारी १९९९ मध्ये याहूने ही वसाहत विकत घेण्याचा करार केला. व्यवहार साडेतीन अब्ज डॉलरच्या घरातला होता. जमीन विकली गेली तेव्हा वर राहणाऱ्यांना अर्थातच कोणी विचारले नाही.

१०/
त्याच वर्षी याहूने नवा करारनामा पुढे केला. त्यातील भाषेनुसार रहिवाशांच्या लेखनावर आणि चित्रांवर कंपनीला व्यापक हक्क मिळत होते. लोक खवळले. कित्येकांनी आपल्या पानांवरचे रंग आणि चित्रे काढून ती मुद्दाम भकास केली. याहूने माघार घेतली. मात्र एक गोष्ट उघडी पडली: रहिवाशांचा पत्ताच जिओसिटीजच्या नावाने होता. दुसरीकडे जायचे तर घर नेता येई, पण पत्ता मागेच राही. वाचक जुन्या दारावर थाप मारून परत जात.

११/
२६ ऑक्टोबर २००९ रोजी जिओसिटीज बंद झाले. काही महिने आधी सूचना दिली होती, पण दहा-बारा वर्षांपूर्वी लावलेले पान ज्यांना आठवतही नव्हते, ते ती सूचना कुठून वाचणार? ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटाने शेवटच्या महिन्यांत धावपळ करून जेवढे उतरवता आले तेवढे उतरवले आणि पुढच्या वर्षी शेकडो गिगाबाइटचा तो संग्रह सर्वांसाठी खुला केला. आज जिओसिटीजचे जे दिसते ते बरेचसे अशा परक्या हातांनी केलेल्या नकलांमुळे.

१२/
आता पत्त्याचा इतिहास. १९९० च्या दशकात डॉट-कॉम नावांची नोंदणी अमेरिकेतील नेटवर्क सोल्यूशन्स या एकाच कंपनीकडे होती. १९९५ पासून दोन वर्षांचे १०० डॉलर मोजावे लागत आणि दुसरे दुकानच नव्हते. १९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली, १९९९ पासून इतर कंपन्यांना नोंदणीची मुभा मिळाली. नोव्हेंबर २००४ मध्ये हस्तांतराचे नियम लागू झाले: मालकाने मागितले तर सबळ कारणाशिवाय जुन्या नोंदणीकाराला नाव अडवून ठेवता येत नाही. फोन कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवण्याच्या सोयीसारखाच हा हक्क.

१३/
आपल्याकडे डॉट-इन नावे २००५ च्या सुरुवातीला सर्वांसाठी मोकळी झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी नाव आले, मराठी आणि कोंकणीसह आठ भाषांसाठी. या तारखा वाचताना मला एक प्रश्न पडला, जो आधीच पडायला हवा होता. आमचे नाव नेमके कोणाच्या मालकीचे?

१४/
नोंद उघडून पाहिली आणि पोटात गोळा आला. तीन वर्षांपूर्वी ज्या ओळखीच्या व्यावसायिकाने संकेतस्थळ ‘बनवून दिले’ होते, त्याच्या नावावर आणि त्याच्या ईमेलवर आमचे डोमेन होते. लबाडी नव्हती, निष्काळजीपणा होता, आणि त्यात आमचा वाटा मोठा होता. त्यांना भेटून, अर्ज करून नाव आमच्याकडे घ्यायला दहा दिवस गेले. ते व्यवसाय सोडून परगावी गेले असते तर? घर बदलावे की नाही याची चर्चा आम्ही करत होतो आणि पत्त्याचा सातबाराच आमच्या नावे नव्हता.

१५/
यानंतरचा धोका खास आपला: लिपीचा. १९९० च्या दशकातली मराठी पाने फाँटवर चालत. प्रत्येक फाँटची अक्षररचना निराळी. तो फाँट वाचकाकडे नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा शेणकाला दिसे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण ती घरोघरच्या संगणकांत रुळायला आणखी दहा-बारा वर्षे गेली. मधल्या काळातला मजकूर ज्यांनी वेळीच युनिकोडमध्ये आणला नाही, त्यांचा मजकूर फाँटबरोबरच मुका झाला.

१६/
याचे चांगले उदाहरण म्हणजे मायबोली. १९९६ मध्ये परदेशस्थ मराठी मंडळींनी सुरू केलेले हे संकेतस्थळ पुढे नव्या प्रणालीवर आणि युनिकोडवर आले. जुने लेखन टाकून न देता ते वेगळे जपले गेले. ‘जुनी मायबोली’ आणि ‘नवी मायबोली’ हे शब्दप्रयोग जुन्या सदस्यांच्या बोलण्यात आजही येतात. बिऱ्हाड हलवूनही जुन्या घराची किल्ली हातात ठेवणे म्हणजे काय, ते इथे दिसते.

१७/
आता एक गंमत. बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर मायएसक्यूएल या विदागारात साठवलेला असतो. हे विदागार स्वीडनमध्ये घडले. त्यामुळे वेगळे सांगितले नाही तर तक्ता लॅटिन लिपीचा आहे आणि त्याचा वर्णक्रम स्वीडिश आहे, असे ते धरून चाले! २०१८ च्या ८.० या आवृत्तीपर्यंत मूळ रिवाज हाच होता. म्हणजे मालवणच्या खलाशाची मुलाखत दप्तरी कागदोपत्री ‘स्वीडिश’ म्हणून पडलेली असू शकते. एका जागी राहत असताना हे खपून जाते. हलवताना पितळ उघडे पडते.

१८/
आम्ही प्रयोग म्हणून संकेतस्थळाची एक नक्कल दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर चढवली. तिथे तक्ता जुन्या रिवाजाने लॅटिनचा तयार झाला आणि ‘मालवण’च्या जागी पाच प्रश्नचिन्हे उभी राहिली. लक्षात ठेवा: विचित्र अक्षरांची गिचमिड दिसली तर बहुधा मूळ मजकूर परत मिळवता येतो. खाली मूळ बाइट शाबूत असतात, फक्त त्यांचा अर्थ चुकीचा लावला जातो. प्रश्नचिन्हे दिसली तर मात्र त्या प्रतीतला मजकूर कायमचा गेला. आमचे मूळ जागेवर होते म्हणून आम्ही हसू शकलो.

१९/
सगळ्यांनाच असे हसता येत नाही. एके काळी जगातले सर्वांत मोठे समाजमाध्यम असलेल्या मायस्पेसने मार्च २०१९ मध्ये कबूल केले की सर्व्हर स्थलांतराच्या वेळी २००३ ते २०१५ या काळात चढवलेली गाणी, छायाचित्रे व चित्रफिती नष्ट झाल्या. पाच कोटी गाणी गेल्याचे तेव्हा वृत्तपत्रांनी छापले. कित्येक हौशी गायकांपाशी दुसरी प्रत नव्हती, कारण ‘मायस्पेसवर आहे की’ हाच त्यांचा भरवसा होता. आमच्या आजोबांच्या आवाजाची त्या घटकेला हीच स्थिती होती. मूळ मुद्रण ज्या फोनवर केले, तो फोन मी विकून टाकला होता.

२०/
मग हलूच नये का? थांबा, राहण्याचेही धोके आहेत. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्री फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या सर्व्हरगृहाला आग लागली. पाच मजली इमारत खाक झाली. मनुष्यहानी झाली नाही, पण लाखो संकेतस्थळे बंद पडली. काही ग्राहकांनी पैसे मोजून बॅकअपची सेवा घेतली होती. त्यांतल्या एकाच्या नकला मूळ फायली होत्या त्याच ठिकाणी ठेवलेल्या निघाल्या. २०२३ मध्ये लील येथील न्यायालयाने त्याला भरपाई देण्याचा हुकूम केला. भरपाई मिळाली, फायली मिळाल्या नाहीत.

२१/
आणि पाटी बदलली म्हणजे इमारत बदलते असेही नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील एका सर्व्हरगृहात बिघाड झाला आणि ब्लूहोस्ट, होस्टगेटर, जस्टहोस्ट, होस्टमॉन्स्टर हे चार ‘प्रतिस्पर्धी’ एकदम कोलमडले. चौघांचा मालक एकच होता: एन्ड्युरन्स. २०१४ मध्ये याच एन्ड्युरन्सने मुंबईत १९९८ मध्ये उभ्या राहिलेल्या डायरेक्टीचा डोमेन-होस्टिंग व्यवसाय विकत घेतला, ‘बिगरॉक’सह. तेव्हा रागाने एक दुकान सोडून शेजारच्या दुकानात शिरण्यापूर्वी दोन्हींचा मालक कोण, ते पाहून घ्यावे.

२२/
इथे मला आपल्या अभ्यासाचा विषय आठवला. १६८९ मध्ये झुल्फिकारखानाने रायगड घेतला. त्या धामधुमीत शिवकालीन मध्यवर्ती दप्तर नष्ट झाले, असे इतिहासकार मानतात. मग शिवरायांची पत्रे आज आपण वाचतो ती कुठून आली? ज्यांना ती लिहिली गेली त्यांच्या घरांतून. कारीचे जेधे, चिंचवडचे देव, गावोगावचे देशमुख, देशपांडे, मठ आणि देवस्थाने. राजधानीत सांभाळलेले गेले, वाड्यावस्त्यांत विखुरलेले राहिले.

२३/
इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्यानंतरची त्यांची सारी वणवण या विखुरलेल्या कागदांमागे होती. आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण हवे तर वेंगुर्ले घ्या. सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार घातली. आज ती इमारत पडकी आहे. पण तिथून लिहिलेली पत्रे बटाव्हियाला आणि पुढे हॉलंडला जात, त्यामुळे शिवकाळाविषयीचा मजकूर हेगच्या अभिलेखागारात अभ्यासकांना वाचता येतो. भिंती वेंगुर्ल्यात ढासळल्या, कागद सुमारे सात हजार किलोमीटरवर टिकले.

२४/
दूरची प्रत काय कामाची, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले. माड आणि विजेचे खांब आडवे झाले. आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती, फोन मुके होते. माझ्या संगणकाशेजारच्या कपाटात पाणी शिरले. ऐवज तेव्हा केवळ मालवणात असता तर भिजला असता, हे कळले म्हणूनच पुढे संकेतस्थळ निघाले. तीन वर्षे ते नीट चालले आणि आम्ही उलटी चूक केली: सगळे तिकडे ठेवून इथली प्रत विसरलो.

२५/
एवढे वाचून झाल्यावर आम्ही चौघे मालवणच्या जेटीवर बसलो आणि दोन्ही बाजू मांडल्या. हलण्याच्या बाजूने तीन मुद्दे: वाढलेले बिल, गर्दीच्या दिवशी बंद पडणे, तक्रारीला मिळणारी थंड उत्तरे. राहण्याच्या बाजूने दोन: लिपीचा धोका आणि हलवण्याचे कष्ट. मग एकेक मुद्दा तपासला, जसे आपण साधन तपासतो: हे कोणी सांगितले, आणि ते खरे कशावरून?

२६/
बिल तपासले. इतर कंपन्यांचे जाहिरातीतले दर आमच्या नव्या बिलाच्या तिसऱ्या हिश्शाचे होते खरे, पण तेही पहिल्या मुदतीपुरते. नूतनीकरणाचे दर बारीक अक्षरांत होते आणि ते आमच्या बिलाच्या आसपासच निघाले. आम्ही एकाच्या सवलतीची तुलना दुसऱ्याच्या पूर्ण किमतीशी करत होतो. नूतनीकरणाची तुलना नूतनीकरणाशीच करावी, हा धडा तिथे मिळाला.

२७/
मग बंद पडण्याचे कारण तपासले. ते अधिक लाजिरवाणे निघाले. किल्ल्याच्या पानावर आम्ही मोडी कागदांची व नकाशांची मूळ आकाराची छायाचित्रे टाकली होती. एकेक फाईल अनेक मेगाबाइटची, आणि पान उघडणाऱ्या प्रत्येकाला सगळ्या पाठवल्या जात. दोनशे माणसे एकदम आली की वाटा तुंबे. छायाचित्रांच्या लहान प्रती केल्या, मूळ प्रत मागणाऱ्यालाच मिळेल अशी सोय केली. पान दहा पटींनी हलके झाले. घरमालकाला शिव्या घालत होतो, आणि जिन्यात कपाट आम्हीच आडवे टाकले होते.

२८/
तक्रारीला मिळणारी थंड उत्तरे, हा मुद्दा मात्र खरा ठरला. तो आजही कायम आहे. तरीही आम्ही घर बदलले नाही. तीन वर्षांऐवजी एकाच वर्षाचे नूतनीकरण केले. रक्कम वर्षामागे थोडी जास्त पडली. पुढच्या वर्षी निघता यावे, याची ती किंमत आहे असे आम्ही समजतो. निघण्याची तयारी मात्र पूर्ण करून ठेवली आहे. तुमच्यापैकी कोणी संकेतस्थळ चालवत असेल तर ती इथे देते.

२९/
अ) डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, आणि शक्यतो होस्टिंगपासून वेगळ्या कंपनीकडे. नाव हलवल्यावर सहसा ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही, तेव्हा मुदतीच्या तोंडावर हे करू नये.
आ) दर महिन्याला फायली आणि विदागार दोन्ही उतरवून घेणे. एकच घेतले तर निम्मे घर आले.
इ) उतरवलेली प्रत वर्षातून एकदा दुसरीकडे उभी करून पाहणे. उघडून न पाहिलेली नक्कल ही नक्कल नव्हे, निव्वळ समजूत आहे.

३०/
ई) प्रत्यक्ष हलवायची वेळ आली तर आदल्या दिवशी डीएनएसच्या नोंदीची मुदत पाच मिनिटांवर आणणे, म्हणजे ‘पोस्टमनची वही’ लवकर बदलते.
उ) पानांचे पत्ते तसेच ठेवणे, नाहीतर इतरांनी प्रबंधांत व लेखांत दिलेले आपले दुवे तुटतात.
ऊ) नव्या जागी सर्वांत आधी एखादे जोडाक्षरांनी भरलेले मराठी पान उघडणे.
ए) जुनी जागा एक महिना तरी न सोडणे.

३१/
आमच्या ऐवजाच्या आता तीन प्रती आहेत: एक सर्व्हरवर, एक मालवणात माझ्या घरी, एक पुण्यात मैत्रिणीकडे. याखेरीज ज्यांच्या घरचे कागद किंवा आवाज, त्यांना त्यांची प्रत देण्याचा रिवाज सुरू केला आहे. जेध्यांच्या आणि देवांच्या घरांनी जे केले त्याचा हा आमच्यापुरता अर्थ. मुलाखत आमची म्हणून आमच्याच दप्तरात राहावी, हा हट्ट सोडला.

३२/
आजोबांकडे गेल्या आठवड्यात गेले होते. सर्व्हरवरची फाईल उतरवून एक पेनड्राइव्ह त्यांच्या हाती दिला आणि एक प्रत मुंबईतल्या त्यांच्या नातवाच्या फोनवर पाठवली. कुठे कुठे ठेवला आहे ते सगळे सांगितले. त्यांनी पेनड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला, सुपारीच्या डब्यात ठेवला आणि म्हणाले, “आता लाव तरी, काय बोललंय ता आयकतंय.” लॅपटॉपवर लावले. दहा मिनिटे ऐकून त्यांनी हात वर केला: देवगडच्या वादळाचे वर्ष त्यांनी चुकीचे सांगितले होते. दुरुस्ती मुद्रित केली, आणि ती आता सगळ्या जागी पाठवायची आहे.

धागा समाप्त. यातील एखादी तारीख किंवा तपशील चुकला असेल तर अवश्य दाखवा, दुरुस्ती करेन. 🙏